हातांना शिकवणं, हातांवर सोपवणं

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये एक सुईण कापडाची बाई बरोबर घेऊन गावोगाव हिंडत असे. अँजेलिक द्यू कुद्रे तिचं नाव. कापड, चामडं आणि आत ठासून भरलेला भराव यांतून तिनं बाईच्या कमरेचा भाग हुबेहूब उभा केला होता. त्यात बाळ होतं, नाळ होती, वार होती. बाळाच्या तोंडात बोट घालून ते नीट वळवता येईल, इतकी बारीक सोय होती. या सगळ्याला ती सरळ ‘यंत्र’ म्हणायची. 1759 साली राजा पंधराव्या लुईनं तिला राज्यभर फिरून शिकवण्याचा परवाना दिला आणि पुढची कित्येक वर्षं ती तेच करत राहिली. तिच्यापुढे बसणाऱ्या बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून व्याख्यान थोडं आणि यंत्रावर हात चालवणं जास्त. पायाळू बाळ कसं काढायचं, आडवं आलेलं कसं फिरवायचं, हे त्या बायका पुन्हा पुन्हा करून बघत. तिच्या यंत्रांपैकी एक आजही रुआँ शहरातल्या संग्रहालयात आहे.

द्यू कुद्रेचं मला कौतुक वाटतं, आणि थोडी असूयाही. मी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पुस्तिका लिहिते. त्या निमित्तानं प्रशिक्षणाच्या वर्गात मागच्या रांगेत बसून पुष्कळ वेळ काढला आहे. पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकतात, सिस्टर मंडळी वहीत उतरवून घेतात, आणि सरावाचा पुतळा कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या आवरणात उभा असतो. खराब होईल म्हणून. शेवटच्या तासाला तो बाहेर काढतात. तोवर निम्म्या जणींची बस सुटायची वेळ झालेली असते. अडीचशे वर्षांपूर्वी जिला उमगलं होतं की बाळंतपण हातांनी शिकायचं असतं, तिच्यानंतर आपण नेमके पुढे गेलो की मागे, असं अशा वेळी वाटून जातं.

बाळंतपणात बाई कशानं दगावते, हे काही गूढ राहिलेलं नाही. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, वाढलेल्या रक्तदाबामुळे येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेली प्रसूती, असुरक्षित गर्भपात. औषधंही नवीन नाहीत. झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट जुनंच. 33 देशांतल्या दहा हजारांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या चाचणीनं 2002 साली दाखवून दिलं की त्यानं झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो. गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून द्यायचं ऑक्सिटोसिन त्याहून परिचयाचं. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 साली जगभरात सुमारे 2 लाख 60 हजार स्त्रिया गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत गेल्या. म्हणजे साधारण दर दोन मिनिटांना एक. 2000 सालाशी तुलना केली तर मातामृत्यूचं प्रमाण 40 टक्क्यांनी उतरलं आहे, हेही खरं. पण उरलेल्यांपैकी बहुसंख्य मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत, आणि ते कसे टाळायचे हेही ठाऊक आहे. ठाऊक असणं आणि त्या रात्री, त्या खोलीत, त्या माणसाकडून ते घडणं यांतलं अंतर कशानं भरतं, हाच माझ्या कुतूहलाचा विषय.

‘प्रशिक्षण द्या’ हे उत्तर पटकन सुचतं. त्याची एक गोष्ट टांझानियातली. तिथल्या हायडम या गावच्या रुग्णालयात, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास कसा द्यायचा, याचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. विषय अगदी मोलाचा, कारण दहातल्या साधारण एका नवजाताला श्वास सुरू करायला थोडी मदत लागते. अंग पुसणं, पाठ चोळणं, नाहीच जमलं तर पिशवी आणि मुखवट्यानं हवा देणं. काही महिन्यांनी तपासलं तेव्हा पुतळ्यावर सगळ्यांचे हात उत्तम चालत होते. खऱ्या बाळांच्या बाबतीत मात्र फारसा काही फरक पडला नव्हता. मग त्यांनी पद्धत बदलली. प्रसूतिकक्षातच पुतळा ठेवला आणि दर आठवड्याला चार-पाच मिनिटांचा सराव, महिन्याला थोडा मोठा, असा क्रम लावला. त्यानंतर पहिल्या 24 तासांतले बालमृत्यू हजारी 11.1 वरून 7.2 वर आले. शिक्षक तेच, पुतळा तोच, शिकवायचं तेही तेच. बदललं ते फक्त ठिकाण आणि वारंवारिता.

ही गोष्ट मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते आणि ऐकणारे माना डोलावतात. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात मात्र पुन्हा दोन दिवसांचं निवासी शिबिरच असतं. कारणही उघड आहे. शिबिराचा फोटो निघतो, उपस्थितीचा तक्ता भरतो, खर्चाचा हिशेब एका कागदावर बसतो. ड्यूटी बदलताना दोघी सिस्टरनी पुतळ्यावर काढलेल्या चार मिनिटांचा ना फोटो, ना प्रमाणपत्र.

सरावाचा महिमा मात्र फार वाढवून सांगू नये. उत्तर प्रदेशात 120 आरोग्य केंद्रांमध्ये सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी-सूचीचा, म्हणजे कुठली कामं करायची त्यांच्या यादीचा, एक प्रचंड प्रयोग झाला. दीड लाखांहून जास्त प्रसूती त्यात मोजल्या गेल्या. कर्मचाऱ्यांच्या शेजारी उभं राहून त्यांना हात धरून शिकवणारे मार्गदर्शक नेमले होते. शिकवणी सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी पाहिलं तर आवश्यक कृतींपैकी सुमारे 73 टक्के होत होत्या. शिकवणी नसलेल्या केंद्रांत 42 टक्के. मार्गदर्शक निघून गेल्यावर, वर्षाच्या टप्प्यावर, हा आकडा 62 पर्यंत घसरला. आणि 2017 साली निकाल आले तेव्हा आई-बाळांच्या मृत्यूंमध्ये दोन्हीकडे फरक नव्हता. हात धुतले जात होते, ताप बघितला जात होता, रक्तदाब मोजला जात होता, आणि तरीही. रक्तदाब चढलेला दिसल्यावर पुढे काय? औषध हाताशी आहे का, ते देण्याची मुभा आहे का, गाडी कधी येईल, मोठ्या रुग्णालयात घेतील का? ही साखळी तपासणी-सूचीत मावणारी नव्हती.

यातल्या मुभेबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

एका वर्गात अतिरक्तस्रावाचा पाठ संपल्यावर मागून एक अनुभवी सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, कुठलं इंजेक्शन, किती आणि कसं, सगळं पाठ आहे मला. रात्री दोनला ऑर्डर कोण देणार, तेवढं सांगा.” हसू पिकलं. शिकवणाऱ्या बाई पुढच्या चित्राकडे वळल्या. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हातात नव्हतं, आणि माझ्या पुस्तिकेतही नव्हतं.

स्वीडननं हा प्रश्न फार लवकर सोडवला. गावोगावच्या सुईणींना शिकवून, परीक्षा घेऊन परवाने देण्याची पद्धत तिथे होतीच. 1829 साली त्यांना अडलेलं बाळ काढायचे चिमटे आणि इतर हत्यारं वापरण्याचीही परवानगी मिळाली. डॉक्टर कोसभर लांब, वाटेत बर्फ, मग शिकलेल्या बाईचे हात बांधून ठेवायचे कशाला, असा साधा हिशेब. पुढे 1881 पासून निर्जंतुकीकरण त्यांच्यावर बंधनकारक झालं. एकोणिसावं शतक संपताना स्वीडनमधलं मातामृत्यूचं प्रमाण ब्रिटनपेक्षा बरंच कमी होतं, आणि तेव्हा ब्रिटन स्वीडनपेक्षा श्रीमंत होता.

दुसरं उदाहरण मोझांबिकचं. स्वातंत्र्यानंतर डॉक्टर देश सोडून गेले, युद्ध पेटलेलं, शल्यविशारद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 1984 मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी नसलेल्या अनुभवी सहायकांना सिझेरियनसकट शस्त्रक्रिया शिकवायला सुरुवात केली. भुवया उंचावल्या, साहजिक आहे. नंतर राजधानीतल्या मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञांनी केलेली आणि या सहायकांनी केलेली सिझेरियन शेजारी ठेवून तपासली, तर परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याहून बोलका आकडा वेगळाच आहे. सात वर्षांनी पाहिलं तेव्हा यांच्यातले जवळपास 90 टक्के जिल्हा रुग्णालयांतच काम करत होते. तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता.

अलीकडच्या काळात मला सर्वांत आवडलेला प्रयोग केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या सुमारे 80 रुग्णालयांतला. प्रसूतीनंतर किती रक्त गेलं, हे आजवर नजरेनंच ठरवलं जाई. चादर भिजली, बोळे भिजले, काही जमिनीवर; आणि नजर जवळपास नेहमीच कमी अंदाज करते. त्यातून पाहणारी बाई थकलेली, पलीकडच्या खाटेवर दुसरी कळा देत असलेली. या प्रयोगात बाळंतिणीच्या खाली प्लॅस्टिकची एक पिशवी लावली, नरसाळ्यासारखी निमुळती, बाजूला मापाच्या रेषा आखलेली. रक्त रेषेपर्यंत पोचलं की वाट बघायची नाही. गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्त गोठायला मदत करणारं ट्रानेक्झामिक आम्ल, शिरेतून सलाईन, आणि रक्त नेमकं कुठून येतंय याची तपासणी, सगळं एकाच दमात. पूर्वीची रीत एक उपाय करून बघायचा, नाही लागू पडला तर दुसरा, अशी होती. त्यात मिनिटं जात आणि मिनिटांबरोबर रक्त.

2023 साली निकाल आला. दोन लाखांहून जास्त स्त्रिया. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्राव झालेल्यांपैकी निम्म्याच जणींचा तो लक्षात येत होता. पिशवी लावल्यावर 93 टक्के. अतितीव्र रक्तस्राव, त्यापायी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांचा एकत्रित धोका 60 टक्क्यांनी खाली आला. संशोधक मोजमापाचं आणि उपाय एकत्र करण्याचं महत्त्व सांगतात, ते योग्यच आहे. माझी समजूत अशी की त्या पिशवीवरच्या रेषेनं आणखी एक काम केलं. रात्री दोन वाजता ऑर्डर कुणाची, याचं उत्तर रेषेनं दिलं. “मला वाटतं जरा जास्त जातंय” असं वरिष्ठांना फोनवर चाचरत सांगण्याची गरज उरली नाही. पाचशे मिलीलिटर म्हणजे पाचशे मिलीलिटर; तिथे कुणाचा हुद्दा चालत नाही.

हे झालं रुग्णालयाच्या दारापासून आतलं. पण बाई दारापर्यंत पोचायला हवी ना. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी 1994 मध्ये तीन विलंब मांडले, ते आता या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या तोंडी आहेत: जायचं हे ठरायला उशीर, तिथे पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पहिला विलंब घरात होतो. बाईला कळा सुरू असतात आणि निर्णय ओसरीवर चाललेला असतो. तिथे कुणी जाऊन आरोग्य शिक्षण देऊन आलं, भित्तिपत्रक चिकटवून आलं, की झालं काम, असं पुष्कळ वर्षं मानलं गेलं. मी स्वतः अशा भित्तिपत्रकांचे मजकूर लिहिले आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझं मत अनुभवातून बनलं आहे: ती भिंतीला शोभतात.

नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात वेगळं काही झालं. गावातलीच एक बाई, परिचारिका नाही, दाई नाही, फक्त लिहिता-वाचता येणारी, महिन्यातून एकदा बायकांना एकत्र बसवायची. तिनं शिकवायचं नाही, विचारायचं. आपल्याकडे बाळंतिणीला काय काय होतं? त्यातलं सगळ्यांत मोठं संकट कुठलं? आपल्याच्यानं काय होईल? गटांनी आपापली उत्तरं काढली. कुणी अडीनडीला निधी जमवला, कुणी रुग्णाला वाहून न्यायला डोली करून ठेवली, कुणी स्वच्छ ब्लेड-धाग्याच्या पुड्या केल्या. 2004 साली निकाल छापून आला तेव्हा या भागात नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या भागापेक्षा 30 टक्क्यांनी कमी होतं. पुढे झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी भागांत हीच रीत वापरली. तिथे तीन वर्षांत 32 टक्के.

बांगलादेशात मात्र पहिल्या खेपेला काहीच हाती लागलं नाही. कारण शोधलं तर ते गणितात सापडलं: सुमारे चौदाशे लोकवस्तीमागे एकच गट, त्यामुळे बहुतेक गरोदर बायका कुठल्याच गटात नव्हत्या. गट दाट केले, सुमारे तीनशे वस्तीमागे एक, तेव्हा तिथेही फरक पडला. सगळ्या चाचण्या 2013 मध्ये एकत्र तपासल्या गेल्या आणि असं दिसलं की जिथे निदान 30 टक्के गरोदर स्त्रिया गटांत येतात, तिथे नवजात मृत्यू एक-तृतीयांशानं घटतात आणि मातामृत्यू जवळपास निम्म्यानं. लोकसहभाग हा शब्द अहवालांत फार गुळगुळीत झाला आहे. त्यालाही मात्रा असते आणि ती कमी पडली तर गुण येत नाही, हे या आकड्यांमुळे मला पहिल्यांदा कळलं.

सोपवणं म्हणजे काय, याची सगळ्यांत धीट कसोटी गडचिरोलीत लागली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत, गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. वजन, ऊब, स्तनपान, श्वास, इथवर कुणाची हरकत नव्हती. पण या आरोग्यदूत जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. अल्पशिक्षित खेडूत बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार? तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानानं 62 टक्क्यांनी घटलं होतं. 1999 साली हे प्रसिद्ध झालं आणि पुढे घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं हा भारताच्या सरकारी कार्यक्रमाचा भाग बनला. सुईचा भाग सरकारी कार्यक्रमात तसाच्या तसा आला नाही. शिकवण्याची तयारी झाली, सोपवताना हात आखडला.

याच दाम्पत्यानं 1989 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला त्याहून अस्वस्थ करतो. दोन गावांतल्या सगळ्या स्त्रियांची तपासणी करायचं ठरवलं, आजारी म्हणून आलेल्यांचीच नव्हे. 92 टक्के जणींना स्त्रीरोगाचा कुठला ना कुठला आजार होता. यापूर्वी कधी तपासणी झाली होती अशा फक्त 8 टक्के. या बायका काही आरोग्य व्यवस्थेच्या नजरेआड नव्हत्या. त्या पोटुशी असताना आणि कुटुंब नियोजनाची वेळ आली की व्यवस्था त्यांच्या दारात हजर असायची. दोन्हींच्या मधलं बाईचं शरीर कुणाच्याच खात्यात नव्हतं. ‘माता-बाल’ आरोग्यातली माता गेली कुठे, असा सवाल ॲलन रोझेनफिल्ड आणि मेन यांनी 1985 मध्येच केला होता. बाळंतपणाआधीची आणि नंतरची बाई गेली कुठे, हा तसा अजून उभाच आहे.

तिच्या मनाबद्दल तर विचारूच नये. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत, गावोगाव फिरणाऱ्या महिला आरोग्य कर्मचाऱ्यांना नैराश्य आलेल्या गरोदर स्त्रियांशी कसं बोलावं, विचारांची गुंतागुंत कशी सोडवावी, याचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यातली चतुराई बघण्यासारखी आहे. सुनेच्या नैराश्याबद्दल बोलायला आलोय म्हटलं असतं तर दार लागलं असतं. बाळ सुदृढ व्हावं म्हणून आलोय, हे सासूलाही मान्य. मग त्या बोलण्यात घरच्यांनाही ओढलं जाई. 2008 सालचा निकाल: बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटात 23 टक्के आयांना नैराश्य होतं, तुलनेच्या गटात 53 टक्के. मानसोपचारतज्ज्ञ यात भेटी द्यायला आलेच नाहीत.

आईलाही कुणी काही सोपवत नाही, हा तर आणखी निराळा प्रकार. कोलंबियातल्या बोगोटात 1978 साली एदगार रे या डॉक्टरनं, बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून, कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. पण अगदी नाजूक बाळ आधी ‘स्थिर’ होऊ द्यायचं, मग आईकडे, असा दंडक पुढची कित्येक वर्षं पाळला गेला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांनी तो मोडून पाहिला. जन्मल्याबरोबर आईला बाळासकट अतिदक्षता विभागातच खाट दिली. 2021 सालच्या निष्कर्षानुसार मृत्यू 25 टक्क्यांनी घटले. अतिदक्षता विभागात आईची खाट ठेवायची तर भिंती हलवाव्या लागतात, नियम हलवावे लागतात, परिचारिकांना नव्यानं शिकावं लागतं. त्यामुळे तंत्र इतकं सोपं असूनही ते रुजायला वेळ लागतो आहे.

आणि शेवटी पगार. याविषयी बोललं की सभेत जरा शांतता पसरते. गावात काम करणाऱ्या बाईला आपण स्वयंसेविका म्हणतो, तिच्या सेवाभावाचे गोडवे गातो, आणि प्रत्येक कामामागे तुटपुंजी रक्कम हातावर ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की सामुदायिक आरोग्य कर्मचाऱ्यांना कामाच्या जबाबदारीला साजेसा मोबदला मिळावा, आणि तो केवळ कामगिरीवर आधारित भत्त्याच्या रूपात नसावा. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत मोबदल्याचं प्रकरण कधीच नसतं. मागच्या वेळी मी ते घालावं असं सुचवलं, निदान तिचे हक्क काय, तक्रार कुठे करायची, एवढं दोन पानांत. विषयाला सोडून आहे, असा शेरा आला. त्या पानांचा मसुदा मी ठेवून दिला आहे. पुढच्या आवृत्तीच्या बैठकीत तो पुन्हा मांडणार आहे, या वेळी रक्तस्रावाच्या प्रकरणाच्या लगेच मागे.